पाठ बघून टोपी

थंडी पडली की मेथी स्वस्त होते, माझे ओठ फुटतात आणि नाशकात नाटकांची स्पर्धा येते. ह्यांचा आपसात काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्यांची एकच जुडी बांधलेली आहे. पहाटे मळ्यात मेथी उपटताना बोटं बधिर होतात, पानांवरचं दव बाहीतनं कोपरापर्यंत जातं, शेजारच्या द्राक्षबागेतनं गंधकाचा वास येतो, आणि मला एकदम तोंडाला रंग फासल्यासारखं वाटतं. गाल ताणतात. मग मी वाफ्यात एकटाच बसून तोंड वाकडंतिकडं करतो. कमल, म्हणजे आमची मंडळी, बांधावरनं विचारते, "दाढ दुखती का?" मी म्हणतो, "हा." एवढं लांबचं दुखणं बांधावरनं ओरडून कसं सांगायचं.

यंदा गोदाकाठच्या बाजारात जुड्या मांडून बसलो होतो तर एक बाई येऊन उभी राहिली. खांद्याला झोळी, डोळ्याला चष्मा. नाटकवाली माणसं लांबनं ओळखू येतात. ती भाजी घेताना भाजीकडं बघत नाहीत, भाजीवाल्याकडं बघतात.

"ओळखलं का, निवृत्तीभाऊ?"

"मेथी का पालक?" मी म्हणालो.

"मी शर्वरी. तुमची राणी."

शेजारच्या टोमॅटोवाल्यानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की बाजारात माझी किंमत त्या दिवसापुरती तरी वाढली. शर्वरी कॉलेजात होती तेव्हा, सत्त्याण्णव सालच्या थंडीत, एका जुन्या नाटकात राणी झाली होती आणि मी विदूषक. आता ती स्वतः डायरेक्टर आहे. तेच नाटक बसवतेय म्हणाली.

"शेवटचा प्रवेश तुम्ही आमच्या लोकांना दाखवाल का? तुमच्या गावात बसायचे तसा. पाठ करून."

मी तिला मेथीच्या दोन जुड्या फुकट दिल्या आणि म्हणालो, "बघू." आमच्याकडं नाही म्हणायचं असलं की बघू म्हणतात. ती शहरातली, तिला वाटलं मी बघणार आहे.

त्या नाटकाचं नाव मी सांगत नाही. त्याला माझ्यामुळं आधीच पुष्कळ भोगावं लागलंय. गोष्ट एवढीच, की एका राजाला राणीबद्दल कोणीतरी वाईटसाईट सांगतं आणि राजा तिला घालवून देतो. राणीची चूक नाही हे दरबारात एकाच माणसाला माहीत असतं, विदूषकाला. त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं. राजा विचारतो, "तुला काही माहीत आहे?" विदूषक म्हणतो, "नाही महाराज," आणि एक विनोद करतो. दरबार हसतो, राणी निघून जाते. सगळे गेल्यावर विदूषक एकटा उरतो. टोपी काढतो, लोकांकडं पाठ करतो आणि खाली बसतो. त्याच्या पाठीवर पडदा पडतो. बस. शेवटी गाणं नाही, भाषण नाही.

निफाडजवळच्या आमच्या मामाच्या गावात हे नाटक जत्रेला व्हायचं. विदूषकाचं काम आधी मामाच्या चुलत्याकडं होतं, मग कोंडाजीमामाकडं आलं. ते काम असं कोणीही उठून करायचं नाही. एक लाल मखमलीची टोपी होती, कडेला कवड्या, शेंड्याला घुंगरू. जुना माणूस नव्याला तीन-चार वर्षं करू द्यायचा, पण साध्या कागदाच्या टोपीवर. म्हातारा पहिल्या रांगेत बसून फक्त शेवटचा प्रवेश बघायचा. हसवण्याला तिथं मार्क नव्हते. हसवता तर गाढवालाही येतं, मामा म्हणायचा. नव्याची पाठ बघून म्हाताऱ्याला पटलं, तर पडदा पडल्यावर आत येऊन आपल्या हातानं टोपी घालायचा. त्या दिवसापासनं काम नव्याचं.

मी सहा वर्षं कागदाची टोपी घातली. लोक हसून हसून लोळायचे. पडदा पडला की मी डोकं पुढं करून उभा. मामा यायचा, माझ्या टाळक्यावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "निवृत्ती, तुझं तोंड लय बोलतं बाबा. पाठ आजून बोलत नाय."

मी घरी येऊन पाठीला तेल लावायचो. कमल म्हणायची, "तेलानं बोलती का पाठ?" आता मला शाळा नाही. दुसरीत मास्तरांची नक्कल केली ती मास्तरांच्या समोरच, तिथनं सुटली ती सुटलीच. ह्या चार ओळी लिहायला मुलीनं शिकवलंय, जोडाक्षर आलं की अजून गाडी पंक्चर होते. त्यामुळं पाठ कशी बोलते ते मला कुठल्या पुस्तकात मिळायचं नव्हतं. मामालाच विचारलं. मामा म्हणाला, "आपलं चुकलं हे ज्याला ठावं हाय, त्याची पाठ बघ कवातरी." मी लोकांच्या पाठी बघत हिंडायला लागलो. लासलगावच्या बाजार समितीत एका माणसाच्या पाठीमागं इतका वेळ उभा राहिलो, की त्यानं खिसा सांभाळला.

एकच नियम होता, तो मामानं मला पहिल्याच दिवशी सांगितला. "एकदा बसलास की पडदा पडस्तवर वळायचं नाय. मागं आभाळ कोसळलं तरी नाय."

पुढं गावात व्हिडिओ आला. जत्रेत नाटकाच्या जागी पडद्यावर पिक्चर लागले. मामाचे गुडघे गेले. टोपी खुंटीला, आणि मी नाशकात भाजीला. सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो, तेवढ्यात मंदार सर आले.

मंदार सर नाटकाचं शिक्षण घेऊन आलेले. मला तेव्हा नवल वाटलं होतं, की नाटकाचंही शिक्षण असतं आणि ते पूर्ण केल्यावर माणूस इतका गप्प होतो. ते जुन्या नाटकाच्या शोधात मामाकडं गेले, मामानं त्यांना माझ्याकडं धाडलं. ते बाजारात माझ्या पोत्यावर येऊन बसले, पँट ओली झाली तरी उठले नाहीत. मला म्हणाले, "भाऊ, हे नाटक तुमच्या अंगात आहे. मला ते स्टेजवर पाहिजे. विदूषक तुम्हीच."

मला आयुष्यात एवढं चांगलं फक्त वांग्याचं बियाणं विकणाऱ्यानं बोललेलं. ते बियाणंही उगवलं नव्हतं. पण माणूस शिकत नाही.

आता डायरेक्टर लोक जुनं नाटक कसं हातात घेतात, ते मी त्या थंडीत जवळनं बघितलं. जुनं घर विकत घेतल्यासारखं घेतात. आधी भिंती ठोकून बघतात, कुठली पोकळ लागतेय. मग गाणी काढली. रंगवलेला महाल काढला, त्या जागी पाच काळे ठोकळे. राजाला कोट-पँट. मी विचारलं, "सर, ठोकळे कशाला?" तर म्हणाले, "ते काहीही होऊ शकतात." आमच्याकडं महाल फक्त महाल होता, तेवढ्यावर भागायचं.

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. सुरुवातीला सगळ्यांनी गोलात पडून डोळे मिटायचे आणि श्वासाकडं लक्ष द्यायचं. मी पहाटे चारचा उठलेला. तीन श्वासांत घोरायला लागलो. सर बाकीच्यांना म्हणाले, "बघा, शरीर असं मोकळं सोडता आलं पाहिजे." दुसऱ्या दिवसापासनं राजाही घोरायचा प्रयत्न करायला लागला. सगळ्यांना झेरॉक्स दिल्या. मला कशाला, मला सगळं तोंडपाठ. पण बरं दिसावं म्हणून मी पण हातात धरायचो. ती उलटी धरली होती हे मला चार दिवसांनी प्रधानानं सांगितलं.

हसण्यावारी नेतोय, पण सगळंच काही खुळचटपणा नव्हता. शर्वरीनं एकदा विचारलं, "जाताना राणी एक शब्दसुद्धा का बोलत नाही?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या गावात राणी व्हायचा किसन, आणि त्याचा आवाज फुटका, म्हणून त्याला शेवटी बोलायला दिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. सगळे हसले, शर्वरी नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं, निघताना दरबारातल्या एकेकासमोर जाऊन उभी राहिली आणि नुसतं बघत राहिली. राजा, सेनापती, प्रधान. मग माझ्यासमोर आली. मी ते नाटक सहा वर्षं केलेलं, पण त्या बघण्याबरोबर माझं वाक्यच गेलं. एवढी वर्षं आमच्या डोक्यात हे का आलं नाही, असं वाटलं. त्या दिवशी मी सरांवर पुरता भाळलो. म्हटलं, हा माणूस मामाच्या नाटकाचं सोनं करणार.

आणि एक होता अमेय. तिशीतला, बँकेत नोकरीला. त्याला नाटकात काम काय होतं ते मला कळायचं नाही, पण तो रोज यायचा आणि मलाच बघत बसायचा. मी डावा पाय जरा ओढतो, तो बैलानं तुडवलाय म्हणून. तो विचारायचा, "भाऊ, टाच आधी टेकते का बोटं?" टोपी कशी कलती ठेवायची, मान कुठं खाजवायची, बसताना आधी कुठला गुडघा वाकतो. मी त्याला सगळं शिकवलं. दोनदा चुकला तर रागावलो. घरी येऊन कमलला म्हणालो, "मला बी चेला मिळाला." सुरी त्यांची होती, पण धार मी लावून दिली.

मंगळवारी मला सुट्टी असायची. सर म्हणायचे, "मंगळवारी तुमचं काम नाही, भाऊ. आराम करा." मी कमलला म्हणालो, "बघ, किती जपतो माणूस." कमल जुड्या बांधत होती. सुतळी दातात धरून म्हणाली, "बाकीच्यांचं असतं का काम, मंगळवारी?"

"असंल."

"तुमच्याबिगर काय करत असतील?"

मी म्हणालो, "तुला नाटकातलं कळत नाय."

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मी निफाडला गेलो. कडाका असा, की विहिरीवर वाफ दिसत होती. मामा उन्हाला बसला होता. मी म्हणालो, "मामा, शहरातल्या मोठ्या थेटरात हाय. पडदा खरा हाय, दोरीनं पडतो. तुम्ही या." मामानं गुडघे चोळले. मग आत गेला, खुंटीवरची टोपी काढली आणि उन्हात ठेवली. कवड्यांवरची धूळ फुंकली.

मामा आला लासलगावला कांदा उतरवून नाशकात परतणाऱ्या टेम्पोतनं, ड्रायव्हरच्या शेजारी. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि सगळ्या अंगाला लाल कांद्याचा वास. कमलनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं गाठोडं. पडद्याच्या फटीतनं मी ते गाठोडं बघितलं आणि दोनदा संडासला जाऊन आलो.

प्रयोग चांगला झाला. शर्वरी निघताना थेटरात कोणी खोकत नव्हतं. मग सगळे गेले. मी टोपी काढली, कागदाचीच, कवड्यांची अजून मिळायची होती ना. लोकांकडं पाठ केली, आधी उजवा गुडघा वाकवला आणि बसलो.

मला वाटतं, तेव्हा माझी पाठ बोलत होती. खरंच बोलत होती. राणीचं ते बघणं डोक्यात होतं, मामाचं फुंकर घालणं होतं. खांदे आपोआप खाली आले. मी मनात म्हणालो, मामा, आता बघा.

आणि मागं कोणीतरी हसलं.

आधी एक, मग चार-पाच. मग अख्खं थेटर. तीन पिढ्यांत त्या जागी कोणी हसलेलं नव्हतं. पहिला विचार आला तो धोतराचा. फाटलं असणार. हळूच हात मागं नेऊन चाचपलं, तर धोतर धड होतं, पण हसणं दुप्पट झालं. मान खाजवली, तर टाळ्या पडल्या. पडदा काही पडेना. वळायचं तर नाही, मागं आभाळ कोसळलं तरी. आभाळ कोसळल्यावर आवाज कसा येतो ते मला कुठं ठाऊक होतं. असाच येत असेल.

आता पुढचं मी कमललाही नीट सांगितलेलं नाही. ते हसणं कानात गेलं आणि मला चव लागली. कुत्र्यापुढं हाड टाकल्यावर ते कुणाच्या दारातलं हे कुत्रं विचारतं का? मी खांदा उडवला. मुद्दाम. आणखी हसले. मग दुसरा उडवला. राणीला घालवून दिल्यावर, सगळ्यात दुःखाच्या जागी, मामा समोर बसलेला असताना, मी खांद्यानं लोकांना हसवत बसलो. मग मागं एकदम शांत झालं, अगदी टाचणी पडल्यागत, आणि पडदा पडला.

वळलो तर माझ्या मागं मीच बसलेलो. तीच कागदाची टोपी, तेच बंडीचं ठिगळ, गालावर तसेच लाल ठिपके, फक्त फासटलेले. अमेय होता. मी पाठ करून बसलो, की तो माझ्या आणि लोकांच्या मधी, लोकांकडं तोंड करून, अधनंमधनं मान वळवून मला बघत बसलेला. मी जे काही करीन ते तो करायचा, आणि चेहऱ्यानं लोकांना हिशेब दाखवायचा, की हा म्हातारा नट दुःखाचं सोंग करून टाळ्या कशा काढतोय. चाचपणं, खाजवणं, खांदे, सगळं. शेवटी त्यानं तोंडावरचा रंग हातानं पुसून काढला, म्हणून लोक गप्प झाले. जुनी नाटकं दुःख कशी विकतात, असं काहीतरी सरांना म्हणायचं होतं. मंगळवारी तेच शिजत होतं.

आत रंग उतरवायच्या खोलीत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. सर मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही कमाल केलीत. ते खांदे तर आपल्याला सुचलेच नव्हते." मला वाटलं ओरडावं. तेवढ्यात दारात कमल, आणि तिच्या हाताला धरून मामा. कांद्याचा वास आला.

मामा माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याकडं बघितलं, अमेयकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"निवृत्ती, मागं काय चाललंय ते तुला ठावं होतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सर, राजा, प्रधान, अमेय, शर्वरी. मला एवढंच सांगायचं होतं, नाही मामा. दोन शब्द. पण ते म्हटलं असतं तर तिथल्या सगळ्यांपुढं मी काय ठरलो असतो? ज्याला काय चाललंय ते माहीत नाही असा. बाजारातनं उचलून आणलेला येडा. आयुष्यभर लोकांना हसवलं, पण ते मी ठरवून. माझ्यावर कोणी न विचारता हसलं, हे मला सांगवेना.

"हा मामा," मी म्हणालो. "ठावं होतं की. तसंच बसवलं होतं."

वर हसलो सुद्धा.

मामानं मान हलवली. "बरं," म्हणाला. गाठोडं काखेत धरलं. "आंगात कापडं घाल. गारठा हाय." आणि कमलचा हात धरून उलटा फिरला. मामा जाताना मी त्याची पाठ बघितली. त्यानं बरोबर सांगितलं होतं, पाठी बोलतात. फक्त ती चुकलेल्या माणसाची नव्हती.

कमल रस्त्यात म्हणाली, "आपल्या पोत्यात मेथी किती ऱ्हायली ते तुम्हाला ठावं नसतं. हे बरं ठावं होतं." मी म्हणालो, दाढ दुखतेय. ती दाढ तेव्हापासनंची.

आठ दिवसांनी सायकल काढून मी सरांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्यांच्या आईनं आधी पोहे दिले. पोहे खाऊन झाल्यावर भांडण नीट होत नाही. मी विचारलं, "मला सांगितलं का नाय?"

सर शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमची पाठ खोटी झाली असती, भाऊ. मला खरी पाठ पाहिजे होती."

माझ्या जिवाला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की ते बरोबर होतं. खरंच खोटी झाली असती. मामासुद्धा त्याच पाठीसाठी सहा वर्षं थांबला होता. दोघांना एकच गोष्ट पाहिजे होती. मामाला टोपी घालायला, सरांना टोपी काढायला.

"आणि तसं बघितलं तर," सर म्हणाले, "तुम्हीही मामांना, मला माहीत होतं, असंच सांगितलंत. मी आडवा आलो नाही." त्यांनी मला अजून पोहे वाढले. मी खाल्ले. हे पण लिहून ठेवतो.

नाटकातला विदूषक माहीत असून नाही म्हणतो. मी माहीत नसून हो म्हणालो. त्याच्या हातनं राणी गेली, माझ्या हातनं मामा. त्याला त्या घडीला एक विनोद पुरला, मला नुसतं हसणं.

मामाकडं मी पुढं कितीदा गेलो. दर वेळी निफाडच्या स्टँडवर उतरताना ठरवायचो, आज सांगायचं. मामा कधी तो विषय काढायचा नाही. द्राक्षाचं विचारायचा, पोरीच्या शाळेचं विचारायचा. चहा व्हायचा. मी दोन विनोद करायचो, तो हसायचाही. टोपी खुंटीला असायची, तिच्याकडं आम्ही दोघं बघायचो नाही. तिसऱ्या वर्षी थंडीतच मामा गेला. दहाव्याला त्याचा लेक म्हणाला, "निवृत्ती, ती टोपी घेऊन जा ना, इथं उंदरं खातील." मी म्हणालो, "राहू दे." ती घेऊन जायची नसते. घालावी लागते कोणीतरी.

तर यंदा मी शर्वरीला बघू म्हणालो, आणि तरी गेलो. कमलनंच धाडलं. म्हणाली, "घरी बसून दाढ धरण्यापेक्षा जा." तोच शाळेचा हॉल, फरशी तशीच बर्फासारखी. आठ-दहा जण, सगळे नवीन. गोलात पडून श्वास अजून घेतात. ठोकळे मात्र नव्हते. शर्वरीनं एक जुना रंगवलेला पडदा कुठनंतरी मिळवला होता, अर्धा विटलेला. म्हणाली, "काही काढून टाकायचं नाही असं ठरवलंय. आधी आहे ते करून बघायचं, मग कळेल का ठेवलं होतं." डायरेक्टर लोकही थंडीसारखेच, एका वर्षी एक तर दुसऱ्या वर्षी उलटं.

मी वेळ काढत होतो. झेरॉक्स उलटी धरल्याची गोष्ट सांगितली, घोरण्याची सांगितली. पोरं हसली. सांगण्यासारखं संपल्यावर शर्वरी जवळ आली आणि हळू म्हणाली, "भाऊ, एक विचारू? सरांनी आम्हाला सांगितलं होतं, की तुम्हाला सगळं माहीत आहे. मंगळवारच्या तालमींचं पण. म्हणून आम्ही कोणी बोललो नाही. आणि मामांना तुम्ही तसंच सांगितलंत. माहीत होतं ना?"

विनोद तोंडाशी आला होता. चांगला होता, आता आठवत नाही.

"नव्हतं," मी म्हणालो.

अगदी बरोबर उत्तर. फक्त अकरा वर्षं उशिरा आणि भलत्याच माणसाला दिलेलं.

शर्वरीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळ्यांना म्हणाली, "उठा. भाऊंच्या समोर जाऊन बसा, मागं कोणी नको."

"नको," मी म्हणालो. "मागंच बसू द्या. पाठ मागनंच बघायची असते."

टोपी नव्हती. थंडी म्हणून घातलेली लोकरीची कानटोपी होती, ती काढली. त्यांच्याकडं पाठ केली. उजवा गुडघा आता वाकत नाही, तर डावा वाकवला आणि बसलो. समोर भिंत. भिंतीवर शाळेतल्या पोरांनी लिहिलेला पाढा. मागं कोणाचीतरी खुर्ची करकरली आणि माझा हात आपोआप पाठीमागं गेला. पँट धड होती.

हात परत मांडीवर आणून ठेवला. वळलो नाही. मागं काय चाललं होतं, मला माहीत नव्हतं.